पुढचं सस्पेन्शन बदलण्याआधी

हौसेनं जुनी प्रीमियर पॅडमिनी किंवा ॲम्बॅसेडर घेतलेला माणूस कधी ना कधी एक प्रश्न घेऊन गॅरेजमध्ये येतो: पुढचं सगळं काढून नव्या गाडीचं सस्पेन्शन बसवता येईल का? तक्रारी ठरलेल्या असतात. गाडी सरळ धावत नाही, स्टिअरिंगशी सतत झटापट करावी लागते, खड्ड्यात पुढचं चाक आदळलं की ठणका हातापर्यंत येतो आणि ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढते. रोज नवी गाडी चालवणाऱ्याला हे सगळं सत्तर वर्षांपूर्वीच्या रचनेचं पाप वाटतं. जुन्या गाड्यांच्या पुढच्या भागाचं काम करत आल्यावर माझं मत वेगळं झालं आहे. यातल्या बहुतेक तक्रारी झिजेच्या असतात, रचनेच्या नसतात. झीज काढून टाकल्याशिवाय मूळ रचना चांगली की वाईट हे कळण्याचा मार्गच नाही. म्हणून अख्खं सस्पेन्शन बदलणं हा शेवटचा उपाय असावा. आज तो पहिला म्हणून विचारला जातो, कारण तो एका फटक्यात सुटका करणारा वाटतो.

आधी रचनेकडेच पाहू. पॅडमिनीचं मूळ फियाटच्या ११००-१०३ या १९५३ सालच्या इटालियन गाडीत आहे. भारतात १९६४ मध्ये आलेली फियाट ११०० डिलाइट त्याच कुळातली, आणि १९७४ पासून तीच गाडी पॅडमिनी या नावानं कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडू लागली. तिच्या पुढच्या दोन्ही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आहे: वर एक आर्म, खाली एक आर्म, कॉइल स्प्रिंग आणि टेलिस्कोपिक शॉकअब्सॉर्बर. मागे पाटे. वर-खाली दोन आर्मची ही पद्धत आजही महागड्या आणि वेगवान गाड्यांत वापरतात, कारण चाक वर-खाली होताना त्याचा रस्त्याशी असलेला कोन कसा बदलावा हे आर्मच्या लांबीवरून आणि त्यांच्या कलावरून ठरवता येतं. याउलट १९८३ साली आलेल्या मारुती ८०० मध्ये, आणि तिच्यानंतरच्या बहुतेक छोट्या गाड्यांत, मॅकफर्सन स्ट्रट आहे. ती व्यवस्था सुटसुटीत, हलकी आणि बनवायला स्वस्त आहे, इंजिनाच्या बाजूला भरपूर जागा सोडते, म्हणून ती जगभर पसरली. पण रस्त्यावरच्या पकडीच्या हिशेबात ती दोन आर्मच्या रचनेपेक्षा वरचढ आहे असं कोणताही अभ्यासू इंजिनिअर म्हणणार नाही. तेव्हा पॅडमिनीतून दोन आर्म काढून तिथे छोट्या गाडीचे स्ट्रट घालणं ही सुधारणा आहे, हे गृहीतकच तपासून घ्यायला हवं.

मग जुनी गाडी वाईट का चालते? कारण तिच्या पुढच्या भागात झिजू शकणारी ठिकाणं खूप आहेत आणि प्रत्येक ठिकाणची थोडीथोडी झीज एकात एक मिसळत जाते. किंगपिन (चाक जिच्यावर वळतं ती उभी पिन) आणि त्याचे बुश, आर्मचे रबरी बुश, चाकाची बेअरिंग, टाय रॉडचे एंड, स्टिअरिंग बॉक्समधला खेळ, समोरच्या बाजूचा आयडलर, बसलेल्या स्प्रिंगा, तेल सोडून पोकळ झालेले शॉकअब्सॉर्बर. एकेक पाहिलं तर कुठलाच खेळ गंभीर वाटत नाही, मात्र चाकापर्यंत त्यांची बेरीज होते आणि ताशी साठच्या पुढे गाडी आपल्या मर्जीनं चालू लागते. तपासणी अवघड नाही. पुढचं चाक जॅकवर उचलायचं, वर आणि खाली हात धरून हलवायचं. दुसऱ्यानं ब्रेक दाबून धरल्यावर खेळ नाहीसा झाला तर दोष बेअरिंगचा, तसाच राहिला तर किंगपिनचा किंवा आर्मच्या बुशचा. नंतर आडवे हात धरून हलवलं की टाय रॉड बोलतात. हे न करता थेट अलाइनमेंटच्या मशिनवर गाडी चढवणं व्यर्थ आहे. मशिन उभ्या गाडीचे कोन मोजतं. सैल पिनवरचं चाक धावताना कुठे जाईल ते त्याला दिसत नाही.

दुरुस्तीतही बारकावे आहेत, आणि ‘सगळं नवीन टाकलं तरी फरक नाही पडला’ ही निराशा बहुधा त्यांच्याकडे दुर्लक्ष झाल्यानं येते. किंगपिनचे नवे बुश ठोकून बसवले की काम संपत नाही. त्यांना रीमर फिरवून, पिन घट्ट पण बोटानं फिरेल इतपत माप काढावं लागतं, आणि वरचा-खालचा बुश एका रेषेत यावा लागतो. रबरी बुशचे नट गाडी जॅकवर लटकत असताना आवळले तर गाडी खाली उतरल्याबरोबर रबराला कायमचा पीळ बसतो आणि नवे बुशही लवकर फाटतात. ते नट गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच शेवटचे आवळायचे. ग्रीसचंही तसंच. चाक उचलून, पिनवरचा भार काढून ग्रीस मारलं तर ते सगळीकडे पोचतं. भाराखाली मारलं तर सोप्या वाटेनं बाहेर येतं. यातल्या कशालाही महाग हत्यार लागत नाही. लागतो तो वेळ. आणि कुठल्याही गॅरेजमध्ये वेळेचं बिल लावणं पार्टच्या बिलापेक्षा अवघड असतं. पूर्ण बदल सुचवण्यामागे हे साधं अर्थकारणही असतं, हे आमच्याच धंद्याबद्दल मान्य केलं पाहिजे.

आता समजा, तरीही सस्पेन्शन बदलायचंच ठरलं. तर पहिला प्रश्न चाकाचा नाही, बॉडीचा आहे: रस्त्याचा मार कुठून आत येतो आणि तो कोण झेलतं? पॅडमिनी आणि ॲम्बॅसेडर दोन्ही गाड्यांना ट्रकसारखी स्वतंत्र चासी नाही; पत्र्याची बॉडीच भार उचलते आणि पत्रा कुठे जाड, कुठे दुहेरी करायचा हे त्या भाराच्या वाटेप्रमाणे ठरलेलं असतं. ॲम्बॅसेडरचं उदाहरण सर्वांत बोलकं आहे. मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज तीनवरून आलेल्या या गाडीत पुढे कॉइल स्प्रिंग नाहीच. खालच्या आर्मपासून मागे, गाडीच्या लांबीच्या दिशेनं जाणारा पोलादी टॉर्शन बार आहे; चाक वर गेलं की तो पिळला जातो, आणि त्याचं मागचं टोक पुढच्या सीटच्या भागात, फरशीखालच्या आडव्या मेंबरला अडकवलेलं असतं. म्हणजे पुढच्या चाकांवरच्या वजनाचा मोठा हिस्सा इंजिनाच्या बाजूच्या पत्र्यानं कधी उचललेलाच नाही. तिथे स्ट्रट किंवा कॉइलओव्हर बसवला की तोच भार अचानक मडगार्डच्या आतल्या पत्र्यावर, वरच्या टोकाला येतो. स्ट्रट असलेल्या गाडीत त्या जागी कारखान्यातच भक्कम टॉवर बनवलेला असतो. जुन्या गाडीत तो नंतर वेल्डिंग करून उभा केला तरी त्याच्या आजूबाजूचा पत्रा जुनाच असतो, आणि मुंबई-कोकणाच्या पावसात वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाडीचा पत्रा किती उरलाय हे रंग खरवडल्याशिवाय समजत नाही. सुरुवातीला सगळं ठीक वाटतं. मग दाराच्या फटी बदलतात, काचेच्या कोपऱ्याशी रंगाला बारीक चीर जाते, आणि त्यानंतर वेल्डिंगच्या कडेनं पत्रा फाटू लागतो.

दुसरा प्रश्न भूमितीचा. चाक वर-खाली होताना आर्मचं टोक एका कंसात फिरतं आणि स्टिअरिंगचा टाय रॉड दुसऱ्या कंसात. मूळ गाडीत हे दोन कंस जुळवलेले असतात, म्हणून खड्ड्यातून जाताना चाक स्वतःहून वळत नाही. आर्म एका गाडीचे आणि स्टिअरिंग दुसरीचं झालं की हे जुळणं संपतं. ॲम्बॅसेडरची स्टिअरिंग रॅक जागेवर ठेवून फक्त आर्म बदलले, तर प्रत्येक गतिरोधकावर दोन्ही चाकं थोडी आत किंवा बाहेर वळतील आणि चालक हात स्थिर धरूनही गाडी डुलेल. अलाइनमेंटमध्ये हा दोष दिसत नाही, कारण तिथे गाडी उभी असते. स्प्रिंगचाही हिशेब असाच फसवा आहे. दोन आर्मच्या रचनेत स्प्रिंग चाकापाशी नसून आर्मवर आतल्या बाजूला बसते. समजा, चाक दहा सेंटिमीटर वर गेल्यावर स्प्रिंग सहा सेंटिमीटर दबते. मग चाकापाशी जाणवणारा ताठपणा स्प्रिंगच्या स्वतःच्या ताठपणाच्या ०.६ गुणिले ०.६, म्हणजे ०.३६ पट असतो. तीच स्प्रिंग स्ट्रटवर, जवळपास चाकाइतकीच हलेल अशी बसवली, तर गाडी पुढे पावणेतीन पट ताठ होईल. ‘स्प्रिंग त्याच जाडीची टाकली, तरी गाडी दगडासारखी का झाली’ याचं उत्तर या गुणाकारात आहे.

आणि पुढचा भाग एकटा नसतो. मॉरिस ऑली या इंजिनिअरनं रोल्स-रॉइसमध्ये आणि नंतर १९३० च्या दशकात जनरल मोटर्समध्ये केलेल्या कामातून एक गोष्ट पक्की झाली: पुढच्या स्प्रिंगा मागच्यांपेक्षा मऊ हव्यात. रस्त्यावरचा उंचवटा आधी पुढच्या चाकांखाली येतो आणि क्षणभरानं मागच्या. मागचा भाग जरा जलद झुलत असेल तर तो उशिरा सुरू होऊनही पुढच्याला गाठतो, आणि गाडी नाक-शेपूट आपटण्याऐवजी सपाट राहते. पॅडमिनीच्या मागच्या पाट्यांशी तिच्या पुढच्या मूळ स्प्रिंगांचं नातं याच हिशेबात बसतं. पुढे ताठ स्प्रिंगा आणि कडक शॉकअब्सॉर्बर घातले की ते नातं उलटं होतं. मालकाला वाटतं की गाडी आता ‘टाइट’ झाली; मागे बसलेल्यांना मात्र पहिल्याच खराब रस्त्यावर मळमळू लागतं.

यावर पहिला आक्षेप येतो तो सुट्या भागांचा. कारखाना बंद होऊन दोन तपं उलटली, मग मूळ सस्पेन्शन नव्यासारखं करायचं तरी कशानं? आक्षेप खरा आहे, पण अर्धाच. पॅडमिनी ही मुंबईची टॅक्सी होती आणि टॅक्सीला एक दिवस उभं राहणं परवडत नसे, त्यामुळे तिच्या किंगपिनपासून रबरांपर्यंत सगळ्याची बाजारपेठ कारखान्याबाहेर उभी राहिली. शेवटची नोंदणी झालेली पॅडमिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून गेली. तो बाजार आटतो आहे, संपलेला नाही. कुर्ला, पुण्याची नाना पेठ, दिल्लीचं काश्मिरी गेट इथे अजून शोधलं तर मिळतं. अडचण मिळण्यापेक्षा दर्जाची आहे: माप चुकलेले बुश, चुकीच्या पोलादाच्या पिना. त्यावर लेथवाला हाच उपाय आहे. किंगपिन, बुश, शिम हे साध्या आकाराचे भाग आहेत. नमुना आणि नीट माप दिलं तर कुशल टर्नर ते बनवतो, रबराचे बुशही साचा करून ओतून मिळतात. उलट, सरमिसळ करून बनवलेल्या सस्पेन्शनचे भाग दहा वर्षांनी कुठल्या गाडीचे म्हणून मागायचे? ज्यानं ते बसवलं त्याच्याखेरीज ते कुणालाच सांगता येणार नाही, आणि तो तेव्हा धंद्यात असेलच असं नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, तो सुरक्षेचा. आजच्या रस्त्यावर सगळ्या गाड्या ताशी ऐंशी-शंभरनं धावतात, त्यांना डिस्क ब्रेक आहेत, आणि आपण चारी चाकांना ड्रम घेऊन त्यांच्यात घुसायचं का? मुद्दा मान्य, पण तो ब्रेकचा आहे. डिस्कसाठी अख्खं सस्पेन्शन बदलणं हा शॉर्टकट वाटतो, कारण दुसऱ्या गाडीच्या स्टब ॲक्सलबरोबर डिस्क आयती येते. मात्र याच कुळातल्या फियाट ११०० आर या १९६६ च्या गाडीला खुद्द फियाटनं पुढे डिस्क ब्रेक दिले होते. म्हणजे डिस्क ब्रेक आणि त्या घराण्याची पुढची रचना यांचं वैर नाही. मूळ स्टब ॲक्सल ठेवून, विचारपूर्वक बनवलेल्या ब्रॅकेटवर कॅलिपर बसवणं हे मर्यादित आणि तपासता येणारं काम आहे. त्यातही मास्टर सिलिंडरचं माप आणि पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल सांभाळावाच लागतो, कारण पुढे डिस्क लावून मागे जुना हिशेब ठेवला तर ओल्या रस्त्यावर कुठली चाकं आधी लॉक होतील हे नशिबावर सोडल्यासारखं होईल. आणि हेही लक्षात घ्यावं की एका बाजूला ओढणारा ब्रेक हा बहुतेकदा गळणाऱ्या व्हील सिलिंडरचा, तेल लागलेल्या लायनिंगचा किंवा सैल आर्मचा दोष असतो. ड्रमच्या तत्त्वाचा नव्हे.

तिसरा आक्षेप अनुकरणाचा: परदेशात सर्रास करतात, मग आपण का नाही? अमेरिकेत जुन्या स्ट्रीट रॉडना १९७४ ते १९७८ च्या मस्टँग टूचं पुढचं सस्पेन्शन बसवण्याची मोठी परंपरा आहे, हे खरं. पण ज्या गाड्यांसाठी ती रुजली त्यांना सरळ ॲक्सल आणि शिडीसारखी स्वतंत्र फ्रेम होती. फ्रेमवर नवा आडवा मेंबर वेल्ड करता येतो आणि भार तिथेच राहतो. बॉडीला त्याची खबरही लागत नाही. तिथेसुद्धा १९६० च्या दशकातल्या मस्टँगला हेच किट लावायचं तर इंजिनाच्या दोन्ही बाजूंचे टॉवर कापावे लागतात. त्या मस्टँगमध्ये स्प्रिंग वरच्या आर्मवर उभी असते आणि ते टॉवरच भार झेलतात, म्हणून ते कापल्यावर उरलेली बॉडी पुन्हा मजबूत करणं हे वेगळंच काम होऊन बसतं. त्याच मस्टँगचा खरा धडा मला दुसरीकडे दिसतो. १९६५ मध्ये तिची शेल्बी जीटी ३५० ही आवृत्ती रेसिंगसाठी तयार झाली तेव्हा पुढचं सस्पेन्शन फेकून दिलं नव्हतं. वरच्या आर्मची आतली पिव्हट साधारण एक इंच खाली घेतली, म्हणजे नवी भोकं पाडून तोच आर्म खाली बसवला. वळणावर चाकाचा कोन सुधारायला तेवढं पुरलं. भूमिती समजली तर एक इंच पुरतो. न समजता अख्खी गाडी बदलली तरी पुरत नाही.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणीतला तपशील निर्मात्यानं दिलेल्या मूळ तपशिलापासून वेगळा पडेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये या तरतुदीचा कडक अर्थ लावला. त्यानंतर जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम आले. त्यात गाडी मूळ स्वरूपात राखलेली असणं ही अट आहे आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. १९७० च्या दशकातल्या पॅडमिनी आता या वयात येत आहेत. आज टॉवर वेल्ड केलेली गाडी उद्या या नोंदणीसाठी न्यायची वेळ आली तर उत्तर काय द्यायचं? विम्याच्या दाव्यातही न कळवलेला बदल आड येऊ शकतो.

म्हणजे कधीच बदलू नये का? तसं नाही. बॉडीचा पुढचा भाग अपघातात किंवा गंजानं इतका गेला असेल की तो नव्यानं बांधावाच लागणार, किंवा गाडी फक्त ट्रॅकवर धावणार असेल, तर नवी रचना उभी करायला हरकत नाही. पण मग आर्म, स्टिअरिंग, ब्रेक आणि मागचे पाटे यांचा एकत्र हिशेब मांडणारा माणूस हवा, फक्त वेल्डर नको. बाकी सगळ्यांनी क्रम पाळावा. आधी झीज काढा. मग टायर तपासा: मूळच्या क्रॉसप्लायऐवजी रेडियल लावले असतील तर टो-इन त्यांच्या हिशेबानं पुन्हा बसवा, आणि रुंद टायर किंवा बाहेर निघालेली डिश लावून ‘स्टिअरिंग जड’ म्हणत असाल तर आधी ती डिश काढा. मग चांगले शॉकअब्सॉर्बर. मग, खरंच गरज असेल तर, डिस्क ब्रेक. प्रत्येक पायरीनंतर गाडी चालवून पाहा आणि जे कराल ते परत काढता येईल असं करा, काढलेले मूळ भाग तेल लावून, चिठ्ठी बांधून ठेवा. या क्रमाच्या शेवटापर्यंत जाऊनही तुमची पॅडमिनी ताशी शंभरनं आजच्या गाडीसारखी वळणार नाही. तशी गाडी हवी असेल तर ती विकत मिळते; त्यासाठी पॅडमिनी कापू नका.